सादो बेट: आईबाबांना घेऊन दोन रात्री, जावं की नको?

निशीकासाईकर
नमस्कार मंडळी. टोकियोत दोन वर्षं झाली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आईबाबा पहिल्यांदाच येतायत. फुजी, क्योतो, नारा ठरलंय, सगळे करतात तेच. पण बाबांचं भलतंच. बाबा चंद्रपूरकडच्या अंडरग्राउंड कोळसा खाणीत तीस वर्षं पंप खलाशी होते, म्हणजे खाणीत झिरपणारं पाणी पंपाने उपसून वर काढायचं, तिन्ही पाळ्यांत, दिवाळी असो की घरात लग्न असो. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी कुठेही गेले की आधी विचारतात, इथलं पाणी कुठं जातं. त्यांनी यूट्यूबवर सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणीचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून फोनवर रोज एकच, "फुजी राहू दे बाप्पा, ते खाण दाखव."

तर प्रश्न असे. दोन रात्री पुरतात का? माझ्याकडे जपानी लायसन नाही, गाडीशिवाय जमेल का? आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. आणि खाण सोडून तिथे काही आहे का, की एका भोकात जाऊन परत यायचं?

गच्चीवरचा कावळा
पहिला! आता वाचतो.

चहाबाज
मला वाटलं धागा चहावर आहे. जपानी चहा-समारंभालाही सादोच म्हणतात ना? किटली घेऊन आलो होतो, आता बसतोच.

हिमगौरी
सादोसमोरच्या किनाऱ्यावरच्या निगाता शहरात चार वर्षं होते त्यामुळे मी पाच वेळा गेलेय, आणि माझं उत्तर आहे जा जा जा. पण आधी आकाराची कल्पना घ्या कारण सगळ्यांची चूक इथेच होते. बेट म्हटलं की आपल्याला घारापुरी वाटतं. सादो ८५५ चौरस किलोमीटर आहे, आपलं मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३. चार मुख्य बेटं सोडली तर ओकिनावानंतर हेच मोठं. आणि माणसं किती, तर जेमतेम पन्नास हजार. म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दीडपट जागेत एका तालुक्याच्या गावाएवढी वस्ती, बस किती असतील तुम्हीच विचार करा.

नकाशात बघितलंत तर आकार इंग्रजी एस सारखा दिसेल. वरची डोंगररांग ओसादो, खालची कोसादो, म्हणजे मोठा सादो नि छोटा सादो, आणि मधे कुनिनाका नावाचं सपाट मैदान, सगळी भातशेती. वरच्या रांगेतला किंपोकु ११७२ मीटर. समुद्रात गरम प्रवाह असल्यामुळे समोरच्या निगातापेक्षा बर्फ बराच कमी पडतो, एकाच बेटावर सफरचंदंही होतात नि संत्रीही.

जायचं कसं: टोकियोहून निगाता शिनकान्सेनने दोनेक तास, मग तिथल्या बंदरावरून सादोवरच्या र्योत्सुला दोन पर्याय. जेटफॉइल तासाभरात पोचवते पण पट्टा बांधून बसायचं आणि लाटा असल्या की रद्द. मोठी फेरी अडीच तास. मी म्हणेन फेरीच घ्या. सेकंड क्लासला खुर्च्या नसतात, बूट काढून कार्पेटवर पसरायचं, आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी सगळे आडवे होतात ना अगदी तसं. डेकवर लोक सीगलना चिप्स भरवतात. तुमचे बाबा खूश होतील.

तांबडा_रस्सा
दोन रात्री + तीन शहरं + सादो = आईबाबांचे गुडघे गेले. त्यापेक्षा हाकोनेला जा, गरम पाण्यात बसा. खाण बघायला इतक्या लांब कशाला, चंद्रपूरला काय कमी आहेत.

निशीकासाईकर
@हिमगौरी धन्स, भारी माहिती. @तांबडा_रस्सा हे बाबांना सांगितलं तर ते हाकोनेचं पाणी कुठं जातं ते विचारतील.

पोपटराव_यूके
लायसनचं: इंडियातून इंटरनॅशनल परमिट काढून आणायला सांगा ना, जपानात चालतं. मी मागच्या वर्षी होक्काइदोला चालवलीय.

हिमगौरी
पोपटराव, तुम्ही टूरिस्ट होतात म्हणून चाललं. ते परमिट जपानात आल्यापासून एक वर्षच धरतात. धागाकर्ते इथे राहून दोन वर्षं झालीत, त्यांना जपानी लायसनच लागणार. उगाच सल्ला देऊन त्यांना पोलीस चौकी दाखवू नका. निशीकासाईकर, लोकल बस आहे, कमी आहे पण आहे, आणि साइटसीइंगच्या बसही असतात. एक दिवस टॅक्सी ठरवा, तिघांत परवडते.

पोपटराव_यूके
ओके ओके. शस्त्रं खाली.

भूगोलवाली
खाण सोडून काय आहे हा प्रश्न वाचून मास्तरीण जागी झाली, त्यामुळे मोठी पोस्ट. सहन करा.

सादो आधी सोन्यासाठी नाही तर हद्दपारीसाठी प्रसिद्ध होतं. राजधानीत ज्याची अडचण झाली त्याला पाठवा तिकडे. १२२१ साली माजी सम्राट जुंतोकु. वडिलांसोबत कामाकुराच्या शोगुनशाहीविरुद्ध, म्हणजे लष्करी सत्तेविरुद्ध, उठाव केला, हरले, वडिलांना ओकी बेटावर नि ह्याला सादोवर. तेव्हा पंचविशीचा होता, २१ वर्षं तिथेच काढली नि १२४२ला तिथेच गेला. मग १२७१ मध्ये बौद्ध भिक्षू निचिरेन, तो मात्र तीनेक वर्षांत परतला. आणि १४३४ मध्ये झेआमी, नो ह्या जपानच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकाला ज्याने आजचं रूप दिलं तो, वयाच्या बहात्तरीत. शोगुनची मर्जी फिरली, बस. सत्तरीतला नट नि बेट.

अर्धवट_बापू
म्हणजे जपानचं अंदमान. काळं पाणी.

भूगोलवाली
नाही हो बापू. अंदमानात सेल्युलर जेल होतं, कोलू होता, बेड्या होत्या. ह्या लोकांना बेटावर फिरायची मोकळीक होती, फक्त परत जायचं नाही. शिक्षा समुद्राची.

मिठागर
रत्नागिरीकर म्हणून मधे पडतो. जुंतोकुचं वाचून अंदमान नाही, आमचा थिबा आठवला. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८५ला राज्य घेतलं, ८६ला रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ला इथेच गेला. तीस वर्षं. राजवाडा बांधून झाला १९१०ला, म्हणजे बिचाऱ्याला जेमतेम सहा वर्षं राहायला मिळालं. लहानपणी आम्हाला वाटायचं थिबा हे कुठल्या तरी झाडाचं नाव आहे. तर सादोवाल्यांना जुंतोकुचं काय वाटतं हे कळायला आवडेल, आपलं मानतात की पाहुणा?

हिमगौरी
मिठागर, अगदी आपलं. मानो भागात त्याचं दहनस्थान जपलंय, आणि गंमत म्हणजे सादोची बोली समोरच्या निगातासारखी नाही, पश्चिमेकडची आहे, क्योतो-ओसाका वळणाची. हे हद्दपार लोक नि पश्चिमेकडून येणारी व्यापारी जहाजं, दोन्हींचा परिणाम. समुद्र ओलांडला की बायकांचे हेल एकदम बदलतात, मला पहिल्यांदा फेरीतून उतरल्यावर चुकीच्या बंदरावर आल्यासारखं वाटलं होतं.

गच्चीवरचा कावळा
म्हणजे तंजावरची मराठी केस. वाखुसा (वाचनखूण साठवली).

ढोलकरी
खाण बिण ठीक आहे पण ह्या धाग्यावर अजून कोणी ओंदेको म्हणालं नाही ह्याचा निषेध. पुण्यात बारा वर्षं पथकात ढोल वाजवलाय, आता योकोहामात. सादोची खरी गोष्ट ती. ओनी म्हणजे राक्षस, राक्षसाचा मुखवटा नि लांब आयाळ लावलेला माणूस ढोलासमोर नाचत नाचत मधेच ढोल वाजवतो. बेटावर शंभराच्या वर गावं, प्रत्येकाची चाल वेगळी, कुणाचे दोन राक्षस तर कुणासोबत सिंह. १५ एप्रिलला एकाच दिवशी कितीतरी गावांची जत्रा असते. मी गेलो होतो एका गावात. सकाळी सातला सुरू, घरोघरी जायचं, प्रत्येक अंगणात नाचायचं, घरवाला पाकीट देतो नि साके पाजतो. दुपारी चारपर्यंत राक्षसाला चालता येत नव्हतं, दोघांनी धरून पुढच्या घरी नेला, आणि ढोल सुरू झाला की गडी परत ताठ. मला काठी दिली एकाने, मी आपला पथकातला ठेका लावला तर म्हातारा काहीतरी ओरडला, शेजारच्याने समजावलं, "जोरात नको, राक्षसाकडे बघून वाजव." बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मिठागर
हा तर शिमगा!! पालखी घरोघर, अंगणात नाचवायची, घरवाला नारळ देतो. साकेच्या जागी जे असतं ते लिहीत नाही, घरचे हा धागा वाचतात.

चहाबाज
कोदो पण इथलेच ना? ते लंगोट लावून अवाढव्य ढोल वाजवतात ते.

ढोलकरी
हो, १९८१ पासून. त्या आधी ओंदेकोझा नावाचा ग्रुप होता, त्यातून फुटून कोदो झाला (ग्रुप फुटणे हे ढोलवाल्यांचं आंतरराष्ट्रीय लक्षण आहे). आता बेटावर राहतात, नवीन पोरं दोन वर्षं तिथेच राहून शिकतात. ऑगस्टमध्ये त्यांचा मोठा उत्सव असतो बेटावरच्या ओगी गावात, १९८८ पासून. ऑक्टोबरला हुकणार तुमचं.

पक्षीवेडी_सई
आणि तोकी पक्षी? ऑक्टोबर म्हणजे भात कापून झालेलं असतं, शेतात तोकी थव्याने उतरतात. आपल्याकडचा पांढरा शराटी माहितीये ना, कुदळ्या म्हणतात तो, त्याच खानदानातला. ह्याचं तोंड लाल आणि उडताना पंखांखालचा रंग फिकट गुलाबी-केशरी, त्या रंगालाच जपानीत तोकीचा रंग म्हणतात. शास्त्रीय नाव निप्पोनिया निप्पोन. नावात दोनदा जपान आणि जपानातून संपलेला.

गोष्ट थोडक्यात. एकेकाळी सगळीकडे होता, पिसांसाठी नि मांसासाठी मारला, मग शेतात औषधं आली. १९८१ साली जपानात रानात शेवटचे पाच उरले होते, सगळे सादोवर, ते पाचही पकडून पिंजऱ्यात ठेवले की जोडी जमवू. नाही जमली. मूळ जपानी वंशातली शेवटची, किन नावाची मादी, २००३ साली गेली. पण त्याआधी १९९९ला चीनने एक जोडी भेट दिली होती आणि त्याच वर्षी पिल्लू झालं. २००८ला पहिले दहा रानात सोडले, २०१२ला रानात अंडी फुटली. आज पाचशेच्या वर आहेत.

आणि हे सरकारने नाही, शेतकऱ्यांनी केलं असं माझं मत. पक्ष्याला बेडूक नि चिखलातले छोटे मासे लागतात, त्यासाठी औषध-खत निम्म्यावर आणलं, हिवाळ्यातही शेतात पाणी ठेवलं, बांधाच्या कडेने चर खणले म्हणजे शेत सुकवलं तरी जीव चरात राहतात. त्या तांदळावर तोकीचा शिक्का असतो, चार पैसे जास्त मिळतात.

तांबडा_रस्सा
शेतकऱ्यांनी केलं म्हणता नि पुढे चार पैसे जास्त मिळतात म्हणता. पैसे मिळाले म्हणून केलं.

पक्षीवेडी_सई
मग? फुकट करायला हवं होतं का? तुमच्याकडे माळढोक किती उरलेत ते बघा नि मग बोला.

तांबडा_रस्सा
बरं बरं. माळढोकवर वाद घालायची माझी टाप नाही.

अर्धवट_बापू
सगळे बाजूला, मुद्द्यावर या. सोनं किती निघालं?

भूगोलवाली
१६०१ ते १९८९, सुमारे ७८ टन सोनं नि २३३० टन चांदी. बोगदे सगळे मिळून ४०० किलोमीटरच्या आसपास. १६०१ला सोन्याच्या शिरा सापडल्यावर तोकुगावा शोगुनांनी बेट थेट स्वतःकडे घेतलं, तिथेच सोन्याची नाणी पाडायचे. आइकावा हे मासेमारीचं गाव, काही वर्षांत तिथे पन्नास हजार माणूस झालं असं सांगतात. म्हणजे आज अख्ख्या बेटावर आहेत तेवढे तेव्हा एका गावात.

अर्धवट_बापू
फक्त ७८ टन? चारशे वर्षांत? आपण एका वर्षात ह्याच्या कितीतरी पट आयात करतो. सादोचं सगळं सोनं लक्ष्मी रोडवर एका दसऱ्यात संपेल.

गच्चीवरचा कावळा
कोलारमधून आठशे टन निघालं म्हणतात, तेही तीन किलोमीटर खोल जाऊन. २००१ला बंद. तिथे कोणी धागा काढत नाही.

भूगोलवाली
टनावर जाऊ नका हो. सादोचं वेगळेपण हे की बाहेर जगात यंत्रं येत असताना इथे सगळं हाताने. छिन्नी, हातोडी, दिवा. डोंगराच्या माथ्यावरची शीर खोदत गेले तर डोंगर वरून उभा चिरला, तीसेक मीटर रुंद नि सत्तरच्या वर मीटर खोल. दोयु नो वारितो म्हणतात. लांबून कुणीतरी कुऱ्हाड घातल्यासारखा दिसतो.

आणि निशीकासाईकर, तुमच्या बाबांसाठी. खाण समुद्रसपाटीच्या खाली गेल्यावर खरं संकट पाणी. सतराव्या शतकात तिथे लाकडी नळीतला स्क्रू वापरायचे, एका टोकाला हाताने फिरवला की पाणी चढत वर येतं, आर्किमिडीजचा. तो पुरेना. मग बादल्या, दोर, माणसं. त्या कामाला कुणी टिकेना म्हणून १७७८ पासून एदोतली, म्हणजे आजच्या टोकियोतली, बेवारस माणसं पकडून पाठवायला लागले. गुन्हेगारच असं नाही, गावच्या नोंदवहीतून नाव कटलेलं, पोटासाठी शहरात आलेलं, एवढंच. शंभरेक वर्षांत अठराशेच्या वर माणसं आली, काम एकच, पाणी उपसणं. बहुतेक जण काही वर्षांतच मेले.

निशीकासाईकर
हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. पाचेक सेकंद काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाळी किती तासांची होती ते लिहिलंय का?"

सह्याद्रीचा_सखा
उशिरा आलोय पण एक मुद्दा राहिलाय. जुलै २०२४ला सादोची खाण जागतिक वारसा झाली, बैठक चक्क आपल्या दिल्लीत होती. आणि पुढच्याच वर्षी आपले शिवकालीन किल्ले, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी वगैरे बारा. पण जपानने अर्ज करताना फक्त एदो काळ दाखवला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. नंतर १८९६ला खाण मित्सुबिशीकडे गेली, नि दुसऱ्या महायुद्धात सुमारे दीड हजार कोरियन मजूर तिथे आणून राबवले ते त्या चौकटीत येतच नाही. कोरियाने विरोध केला, शेवटी तडजोड झाली की मजुरांची माहिती तिथे लावायची. लावली, पण सक्तीने हा शब्द नाही म्हणून अजून धुसफूस चालूय. २०२४च्याच नोव्हेंबरला सादोवर स्मरणसभा ठेवली तर कोरियाने बहिष्कार टाकला.

पोपटराव_यूके
प्रत्येक देश आपलं चांगलंच दाखवणार ना. लंडनच्या म्युझियममध्ये कुठे लिहितात लुटून आणलं म्हणून.

सह्याद्रीचा_सखा
म्हणून ते बरोबर ठरतं का? आणि एदो काळ तरी कुठे स्वच्छ आहे, वर वाचलंत ना बेवारस माणसांचं. ते सांगतात बिनदिक्कत, कारण मेलेल्यांच्या मागे परराष्ट्र खातं नाही.

हिमगौरी
मी हे दोन्हीकडून ऐकलंय. जिथे राहिले होते तिथले एक आजोबा म्हणाले होते की आम्हाला लहानपणी माहीत होतं, कोरियन बिऱ्हाडं कुठे होती तेही माहीत आहे, वारसा झाल्यावरच सगळ्यांना नवीन कळलं. माहिती आइकावातल्या स्थानिक म्युझियममध्ये आहे, खाणीत नाही, पर्यटक तिथवर जातच नाहीत. निशीकासाईकर, तुम्ही जा.

अर्धवट_बापू
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, एवढ्यात संपलं?

खडूस_काकू
सगळे इतिहासात बुडालेत, त्या माउलीच्या जेवणाचं कोणी बोललं नाही. अहो मासे खाणाऱ्याला स्वर्ग आहे ते बेट, थंडीत बुरी मासा, कामो तलावातली कालवं. शाकाहारी माणसाने घरून ठेपले न्यावे. सोबा मागवलात तरी रस्सा उडणाऱ्या माशाचा असतो तिकडे, आगो म्हणतात.

हिमगौरी
काकू बरोबर. पण एक गोष्ट आहे, इगोनेरी. समुद्री शेवाळ शिजवून आटवून पातळ थापतात, गार झालं की गुंडाळी करून नूडल्ससारखं कापतात. आपल्या चायना ग्रासचा खारट भाऊ. वर माशाचा कीस घालू नका एवढं सांगायचं नि सोया सॉस, आलं. भात तर एक नंबर. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर बिनबियांचे पर्सिमन, ओकेसा-गाकी.

नाट्यवेडा
झेआमीमुळे सादोवर नो नाटक आलं असं सगळे समजतात, वर भूगोलवालींनी तसं म्हटलं नाही पण समज होईल म्हणून लिहितो. झेआमी आला म्हातारपणी, एकटा. बेटावर नो रुजवलं ते ओकुबो नागायासुने, १६०४ मध्ये खाणीचा कारभारी म्हणून आला तो, तो स्वतः नाटकवाल्यांच्या घरातला, येताना कलाकार घेऊन आला. मग शेतकरी शिकले. एकेकाळी बेटावर दोनशेच्या वर रंगमंच होते, आजही तीसच्या वर आहेत, काही गवताच्या छपराचे, देवळाच्या आवारात, समोर शेत. दाइझेन देवळातला १८४६चा. हौशी लोक जूनमध्ये रात्री मशाली लावून करतात. आपली दशावताराची मंडळी आठवा, दिवसा शेत, रात्री राजा. त्या ओकुबोचं मात्र वाईट झालं, तो मेल्यावर अफरातफरीचा आरोप निघाला नि मुलांना मारून टाकलं.

तांबडा_रस्सा
अफरातफर करावी तर मरायच्या आधी निस्तरावी.

कृष्णाकाठ
ते लाकडी टबात बसून वल्हवतात ते सादोवरच ना? तराईबुने? फोटो बघून हसू आलं, आमच्याकडे सांगली भागात गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायचे, माझे आजोबा शाळेत तसेच गेलेत.

भूगोलवाली
तेच ते, ओगीला. १८०२च्या भूकंपात तिथला किनारा वर उचलला गेला, खडकांच्या अरुंद खाचा तयार झाल्या, होडी शिरेना. मग टब. सुगी म्हणजे जपानी देवदार, त्याच्या लाकडाच्या फळ्या, बांबूचे पट्टे. त्यात उभं राहून एकाच वल्ह्याने शंख, शेवाळ काढतात.

कृष्णाकाठ
काहील बरी मग, लोखंडी आहे. पण बुडाली की गूळ बंद.

पोपटराव_यूके
ह्या सादोवरच तो अमेरिकन सैनिक राहायचा ना, उत्तर कोरियातून आलेला?

भूगोलवाली
चार्ल्स जेन्किन्स. त्यांची बायको हितोमी सोगा सादोची, १९७८ला आईसोबत दुकानातून घरी येताना उत्तर कोरियाच्या हेरांनी उचलली. २००२ला ती परत आली, २००४ला हे मुलींना घेऊन आले, नि म्युझियमच्या दुकानात बिस्किटं विकायचे, लोक फोटो काढायला रांग लावायचे. २०१७ला गेले. आई अजून सापडलेली नाही.

गच्चीवरचा कावळा
एवढुसं बेट नि काय काय.

खडूस_काकू
एवढुसं कसलं, मुंबईच्या दीडपट. वाचा जरा.

निशीकासाईकर
मंडळी, जाऊन आलो!! दोन रात्री काढल्या, एक अजून हवी होती.

फेरीत आईने पसरून झोप काढली, बाबा इंजिनाच्या आवाजाजवळची जागा शोधत फिरले. पहिल्या दिवशी टॅक्सी. ड्रायव्हर साठीचे, शेताजवळ गाडी थांबवून खिडकी खाली केली नि बोट दाखवलं, अकरा तोकी. सई, गुलाबी रंग खरंच दिसतो, उठले तेव्हाच. ड्रायव्हर म्हणे दार उघडू नका, गाडीला घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात. शुकुनेगीला गेलो, जहाज बांधणाऱ्यांचं गाव, घरं इतकी चिकटून की दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे व्हायचं, छपरावर दगड ठेवलेले. आई म्हणाली पुण्याच्या वाड्यात बरं होतं. इगोनेरी खाल्लं तिने, दोनदा मागितलं, आणि ठेपले मी संपवले.

दुसऱ्या दिवशी खाण. बाहेर पंचवीस डिग्री आणि आत दहा, बाबांनी न सांगता बॅगेतून मफलर काढला. जुन्या बोगद्यात हलणारे पुतळे आहेत, कुणी छिन्नी मारतोय, कुणी दोराने बादली ओढतोय, मधेच एक पुतळा बोलतो, मी भाषांतर केलं, लवकर बाहेर पडून दारू प्यायचीय म्हणतोय. बाबा म्हणाले, "हे बरोबर आहे, पाळी संपायच्या अर्धा तास आधी हेच बोलतात." मग तो स्क्रू फिरवणारा पुतळा आला. तिथे बाबा जवळपास वीस मिनिटं उभे. मागे शाळेची सहल, मी ओशाळलोय, मास्तर वाकून वाकून माफी मागतोय नि मी त्यांची. बाबा बोटांवर मोजत होते, एका फेऱ्यात किती लिटर, किती टप्पे. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "मी बटन दाबत होतो. इथं तं मानूसच बटन."

म्युझियममध्ये साडेबारा किलोची सोन्याची वीट पेटीत ठेवलीय, हात जाईल एवढ्या भोकातून एका हाताने काढून दाखवायची. आईने हात घातला, वीट हलली पण नाही. तीनदा प्रयत्न. आता तिला जपानातलं दुसरं काही आठवत नाही. सखा, आइकावाच्या म्युझियमलाही गेलो. आम्ही तिघेच होतो.

पण बाबांचा प्रश्न अजून तसाच. म्हणे उपसून उपसून वरच्या पातळीला आणलं हे समजलं, पण तिथून पुढे पाणी गेलं कुठं? डोंगराच्या डोक्यावरून तर कोणी नेत नाही. भूगोलवाली ताई, वाचवा.

भूगोलवाली
बाबांना माझा नमस्कार सांगा, नेमका प्रश्न आहे. त्यासाठी वेगळा बोगदा खणला होता, मिनामिझावा. १६९१ला सुरू, १६९६ला पूर्ण, सुमारे ९०० मीटर, खाणीपासून थेट समुद्राकडे उतरता. माणसांनी पाणी वर चढवायचं ते डोंगराच्या माथ्यापर्यंत नाही, ह्या बोगद्याच्या पातळीपर्यंतच, पुढे ते आपोआप समुद्रात. लवकर व्हावा म्हणून मधे उभ्या विहिरी पाडून त्यांतूनही खोदलं, एकाच वेळी सहा तोंडांनी, नि छिन्नी हातोडीने खोदूनही सगळी तोंडं बरोबर जुळली. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, त्यातून अजून पाणी वाहतंय.

निशीकासाईकर
वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. "अजून वाहते?" एवढंच विचारलं नि आईला हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

ढोलकरी
पुढच्या वर्षी १५ एप्रिलला आणा त्यांना. राक्षस मी दाखवतो.

खडूस_काकू
इगोनेरीचं शेवाळ भारतात कुठे मिळेल? सिरियसली विचारतेय.

निशीकासाईकर
काकू, आईने दोन पाकिटं नेलीत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि अपडेट: बाबा घरी पोचले. परवा सोसायटीत बोअरच्या मोटरवरून भांडण झालं तर मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांना त्या लाकडी स्क्रूचा फोटो दाखवला म्हणे, पाऊण तास. मोटर अजून बंदच आहे.